बारशाचे धुरकट फोटो

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. कारण झालेल्या प्रकारात चूक माझ्या एकटीची नव्हती, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. शिकवणारीने नीट शिकवलं असतं तर ही वेळ आली असती का?

शिकवणारी म्हणजे माझी नात, मनाली. बाळंतपणाला आमच्याकडे घाटकोपरला आली होती. बाळ झोपलं की दुपारी तिला उद्योग नाही, आणि मला माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, नवाकोरा पांढरा फोन आणून दिलेला. मग काय, फोटो काढायची शाळा सुरू. जन्मात शाळेची पायरी न चढलेली मी, या वयात नातीच्या हाताखाली!

ती म्हणे, आजी, उजेड आपल्या पाठीमागे हवा, ज्याचा फोटो काढायचा त्याच्या पाठीमागे नको. कोपरं पोटाशी घट्ट धर, म्हणजे फोन हलत नाही. लांबून बोटांनी चित्र ताणत बसू नकोस, सरळ पुढे जा. बटण दाबताना श्वास रोखून धर. आणि फोटोच्या आधी काच पुसत जा.

सगळं पाठ केलं मी. खिडकीतली तुळस काढली, गजावरची कबुतरं काढली. तव्यावरच्या बांगड्याचा फोटो तर असा आला की मनाली म्हणाली, आजी, याला वास येतोय.

तेव्हाच मी घरात जाहीर केलं की बारशाचे फोटो मी काढणार, दुसऱ्या कुणी फोन बाहेर काढायचा नाही. हल्ली बारशाला जाऊन बघा, पाळण्याभोवती तोंडं कमी आणि फोन जास्त. त्या पोराला वाटत असेल, आपण मोबाइलच्या दुकानात जन्मलो.

पण खरं कारण निराळं होतं. माझी धाकटी बहीण शालन कणकवलीला असते. मनालीला लहानपणी मे महिन्यात मांडीवर घेऊन आंबे भरवले ते तिनेच. आता तिचा पाय मोडलाय, खाटेवरून उठता येत नाही. फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "आक्का, माका पोराचा बारसा दाखव गो." मी शब्द दिला. आता शालनला दिलेला शब्द म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाच माहीत.

बारशाच्या सकाळी बाळाला अंघोळ घातली, कपाळावर काजळाची तीट लावली. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधली कुंदा आली. बाळाकडे एकदा बघितलं असेल नसेल, फोनच हातात घेऊन बसली. कसला झकास फोन गं, कसा चकचकीत, आमचे चिरंजीव आणतील का असा, एक ना दोन. बोटाला काजळ होतंच. ती स्वयंपाकघरात वळल्याबरोबर फोनलाही मागच्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी, एक तीट टेकवली. नव्या वस्तूला दृष्ट पटकन लागते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

बोरिवलीहून मनालीची सासरची माणसं आली. तिच्या सासूने पाळण्यापाशी धूप लावला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, आणि मी? उजेड पाठीमागे, कोपरं पोटाशी, श्वास बंद. दर फोटोआधी पदराने काच लख्ख पुसत होते. समोर जरा धुरकट दिसत होतं, पण माझा मोतीबिंदू पिकत आलाय, मला तर डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा धुरकट दिसतो.

सगळे फोटो शालनला पाठवले आणि ऐटीत चहा घेत बसले. लगेच तिचा फोन.

"आक्का, पाळण्यात पोर आसा की धुका? गो बाय, तू बारसा केलंस की चूल पेटयलंस?"

मनालीला दाखवले. बाळ रडत होतं, तिने एक नजर टाकली आणि विचारलं, काच पुसली होतीस का? पुसली म्हणजे? इतकी पुसली की पदर झिजला. मग हात हलला असेल, म्हणाली, आणि गेली बाळाकडे. माझा हात हलला? या हाताने मी अख्खी हयात एकही न मोडता घावनं उलटली!

धुरकट म्हणजे धूर. धूर म्हणजे धूप. आणि धूप कुणी लावला? लावला फोन बोरिवलीला. अहो विहीणबाई, म्हटलं, तुम्ही बारशाला आला होतात की डास मारायला? माझे सगळे फोटो नासवलेत. फोन ठेवलाच त्यांनी.

मनाली दारात येऊन उभी. चेहरा उतरलेला. "आजी, मला त्याच घरात परत जायचंय."

पण माघार घ्यायची तर खरा गुन्हेगार नको का हातात? मग आठवलं, सकाळी फोनवर डोळे कोण लावून बसलं होतं. तडक समोरचं दार वाजवलं.

"कुंदे, तुझी नजर लागली माझ्या फोनला."

"माझी? अगं, मी कौतुक केलं!"

"तेच. बरं झालं मी तीट लावली होती, नाहीतर फुटलाच असता."

कुंदा थबकली. "फोनला तीट? कुठे लावलीस?"

"मागे ते काळे गोल आहेत ना शोभेचे, त्यातल्या मोठ्यावर. पांढऱ्यावर लावली तर डाग दिसेल. काळ्यावर काळं कुणाला दिसतंय?"

कुंदा दारातच खाली बसली. पोट धरून हसायला लागली. "इंदे," डोळे पुसत म्हणाली, "ते गोल म्हणजे फोनचे डोळे गं. तू त्याच्या डोळ्यात काजळ घातलंस."

आता तुम्हीच सांगा. समोर वीतभर काच असताना, काच पूस म्हटल्यावर मागचा टिकलीएवढा गोल कोण पुसेल? शिकवणारीने बोट ठेवून दाखवायला नको?

हे सगळं मी कुंदाला बोट नाचवून ऐकवत होते, तेवढ्यात तिने माझ्या हातातला फोन घेऊन तो गोल पदराने पुसला, माझ्यावर रोखला आणि बटण दाबलं.

पुढे विहीणबाईंची मी माफी मागितली. बाई मोठ्या मनाच्या, इतक्या हसल्या की पुढच्या रविवारी लेकीला घेऊन परत आल्या. पाळणा पुन्हा सजवला, आत्याने कानात पुन्हा कुर्र केलं, आणि यावेळी बाळाची पापणीन् पापणी मोजता येईल असे फोटो मी काढले. मनालीने ते सगळे शालनला पाठवले. त्यांत कुंदाने काढलेला माझा फोटोही गेला. तोंड उघडं, डोळे वटारलेले, बोट रोखलेलं.

शालन बाळाला बघून पोटभर रडली. मग म्हणाली, "पोराचो फोटो उशाक ठेवतंय. तुझो दारार लावूक सांगलंय."

"माझा कशाला दारावर?"

"आसांदे गो. घराक कोणाची दिष्ट लागाची नाय."