व्हॅनआक्का आणि सहा महिन्यांचा कागद

व्हॅन मागे घ्यायची झाली की व्हॅनआक्का आधी खाली उतरायची. आरसा होता, तरी उतरायची. गाडीच्या मागे जाऊन कोंबडी, पोर, बादली, वाळत घातलेलं सूत असं जे काही असेल ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, पदर खोचायची, पुन्हा सीटवर चढायची आणि मग दोन हात गाडी मागे घ्यायची. तेवढ्यात वडगावच्या गल्लीत चार दुचाक्या खोळंबलेल्या असायच्या. कुणी हॉर्न वाजवला तर ती खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायची, "वाजीव, वाजीव. मागं तुझंच पोरगं असलं तर काय करशील रं?" हॉर्न बंद व्हायचा.

गाडी ती बेचाळिसाव्या वर्षी शिकली. तिचा नवरा शंकरआप्पा एका पॉवरलूमवर कामाला होता. ते कारखानदाराने मोडीत काढल्यावर त्याने कागलच्या एका निवृत्त मास्तरांकडून जुनी व्हॅन घेतली. गल्लीतल्या सहा विणकर घरांतल्या साड्या घ्यायच्या आणि निपाणी, खानापूर, कडोली, नंदगड अशा बाजारांना नेऊन विकायच्या, असा दोघांचा बेत होता. शंकरआप्पाने तिला मोकळ्या शेतात गाडी शिकवली. बायका हसल्या तेव्हा ती म्हणाली, "मागावर पाय हालतोय, हात हालतोय, डोळा सुतावर. ह्यात येगळं काय हाय गं?"

विकताना ती खोटं बोलायची नाही. निपाणीच्या बाजारात एका बाईने लाल साडी हातात घेतली की ही आधीच सांगायची, "पयल्या दोन धुण्यात रंग जातोय. येगळी धुवा, न्हायतर घरात सगळ्यांची कापडं लाल हुतील." शंकरआप्पा कपाळाला हात लावायचा. पण ती बाई हमखास साडी घ्यायची आणि पुढच्या बाजाराला बहिणीला घेऊन यायची.

माझं आरटीओसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून देणं, कन्नडात अर्ज लिहून देणं हे माझं काम. शंकरआप्पा माझा लहानपणापासूनचा मित्र, म्हणून व्हॅनचे कागद माझ्याकडेच आले. गाडी महाराष्ट्राच्या नंबरची. ती इकडे आपल्या नावावर करायची तर कोल्हापूरहून एनओसी आणायची, इथे नव्याने नोंदणी करायची आणि कर्नाटकाचा रोड टॅक्स एकदम भरायचा. मास्तरांनी स्वतः खेटे घालून एनओसी काढून दिली. तिची मुदत सहा महिने. टॅक्सचा आकडा मी सांगितला तेव्हा शंकरआप्पा म्हणाला, "गाडी घेतली तवाच खिसा रिकामा झालाय. लगीनसराई होऊ दे. तोवर कागद तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे." मी फाईल खणात ठेवली आणि म्हणालो, "राहू दे रे, मुदत आहे अजून."

लग्नसराई निम्मी झाली आणि शंकरआप्पा गेला. सकाळी साड्यांचा गठ्ठा उचलून व्हॅनमध्ये ठेवला, छातीवर हात धरून पायरीवर बसला, तो उठलाच नाही.

मुदत संपायला तेवीस दिवस होते. हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. स्मशानातून येतानाही आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मास्तर हयात होते. आक्काच्या नावाने एक फॉर्म घेऊन कागलला गेलो असतो तर त्यांनी उभ्या उभ्या सही केली असती, टॅक्ससाठी गल्लीने वर्गणी काढली असती. मी दहाव्याला गेलो, तेराव्याला जेवलो. आक्का भिंतीला टेकून बसली होती. सुतकात बाईसमोर गाडीच्या कागदांचा विषय कसा काढायचा, असं मला वाटलं. तेराव्यानंतरही दहा दिवस उरले होते. त्या दहा दिवसांतही मी गेलो नाही.

अडीच महिन्यांनी आक्का स्वतःच व्हॅन चालवत माझ्या दुकानापुढे आली. एकटीने बाजार सुरू केला होता. इन्शुरन्सची तारीख आली होती आणि ते लोक गाडी कुणाच्या नावावर आहे ते विचारत होते. मी कागलला फोन लावला. मास्तरांच्या सुनेने उचलला. मास्तर पंधरा दिवसांपूर्वी वारले होते.

आता गाडी मास्तरांच्या वारसांची झाली. त्यांनी तीन महिन्यांत अर्ज करायचा, आधी आपल्या नावावर घ्यायची आणि मग आक्काला द्यायची. वारस तीन. थोरल्या मुलाने सही दिली, मुलीने दिली. धाकट्याचा भावाशी घरावरून वाद होता. तो म्हणाला, "बाबांच्या कुठल्याच कागदावर मी सही करणार नाही. आधी घराचं मिटू दे." आक्का चार वेळा कागलला गेली. शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली. त्याने पाणी दिलं, चहा दिला, सही दिली नाही.

परत येताना मी त्याला शिव्या घालत होतो. आक्का रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "त्याचं बी काय चुकलं न्हाय, अण्णा. घराच्या एका कागदावर फसलाय म्हणून सगळ्या कागदांना भितोय." वारसांचे तीन महिने असेच संपले.

मी तिला सांगितलं, गाडी आता दारात उभी ठेवा. ती म्हणाली, "मी हुभी करीन. सहा घरांतल्या साड्या कोण हुभ्या करंल?" आणि ती बाजार करत राहिली.

निपाणीच्या अलीकडे एका तपासणीत व्हॅन अडवली. अधिकारी सभ्य होता. त्याने कागद दोनदा वाचले. गाडी ज्याच्या नावावर तो मेलेला, ज्याने घेतली तो मेलेला, एनओसी संपलेली, इन्शुरन्स नाही, इकडचा टॅक्स नाही. "अम्मा, नान् एन माडली?" म्हणाला, म्हणजे मी तरी काय करू? गाडी जप्त झाली. आक्काने विचारलं, साड्या काढून घेऊ का? त्याने मान डोलावली. तिने दोन गठ्ठे बांधले, एक डोक्यावर, एक काखेत, आणि एसटीने वडगावला आली. त्या रात्री सहाही घरांत जाऊन तिने ज्याच्या त्याच्या साड्या मोजून परत दिल्या.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. गाडी सोडवण्याचा अर्ज लिहायचा होता. सोडवायची तर मालकाने यायचं, टॅक्स आणि त्यावरचा दंड भरायचा. दोन्ही मिळून विकत घेतल्याच्या किमतीपेक्षा जास्त होत होतं. तरी मी कागद मशीनमध्ये घातला. मालकाचं नाव, मालकाच्या बापाचं नाव, विकत घेणाऱ्याचं नाव, असं वाचत गेलो. आक्का माझ्या बोटाकडे बघत होती. तिने विचारलं, "माझं नाव कुठं लिवायचं?"

मी वरपासून खालपर्यंत बघितलं. "तशी जागा नाही, आक्का."

"जितं माणूस बसंल असा एक बी रकाना न्हाय व्हय ह्यात?"

माझ्याच्याने टाईप करवेना. मी खण उघडला, जुनी एनओसी काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तेवीस दिवस होते, मला माहीत होतं, मी बोललो नाही.

तिने कागदाला हात लावला नाही. म्हणाली, "त्या दिसांत तुम्ही ह्यो कागद घिऊन आला असतासा तर मी तुम्हाला दारातनंच हाकललं असतं." मी मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "पर आला असतासा तर बरं झालं असतं, अण्णा."

अर्ज आम्ही केलाच नाही. काही दिवस ती दोन गठ्ठे घेऊन बसने बाजारांना जात राहिली. नंतर गुडघ्याने दगा दिला. सहा घरांपैकी चार घरांनी माग विकले. त्या घरांतल्या दोघी घरकामाला जातात, एकीचा नवरा गोव्याला गेला. आक्का काही महिने मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसली आणि मग भावाकडे जांबोटीला निघाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. ती खिडकीशी बसली होती. "येत जा," मी म्हणालो. ती म्हणाली, "कशानं येऊ?" आणि बस सुटली. ती रागाने बोलली नव्हती. जांबोटीहून बस कधी असते, कधी नसते, तेवढंच तिला सांगायचं होतं. पण तिच्यासमोर उभं राहायचं धैर्य मला पुन्हा झालं नाही. जांबोटी इथून दूर नाही. मी अजून गेलेलो नाही.

आता ओळखीत कुणी गेलं आणि घरात गाडी असली की मी तिसऱ्या दिवशी त्या घरी जातो. चपला काढतो, कोपऱ्यात बसतो आणि उठताना घरच्यांना हळूच सांगतो की गाडी नावावर करायला एवढे दिवस आहेत, हे हे कागद लागतील, मी करून देतो. लोकांना ते आवडत नाही. माघारी मला काय म्हणतात ते माझ्या कानावर आलं आहे. तीन महिन्यांपूर्वी शहापूरला एका मुलाने सरळ सांगितलं, "काका, तुमाला लाज कशी वाटत न्हाय? अजून राख सावडली न्हाय आमी." त्याने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहिली आणि दाराच्या फटीतून आत सरकवली. तो मुलगा आला नाही. तारीख काल संपली.