मूळ वही

आमच्या कचेरीत जमिनीच्या नोंदींची एक मूळ वही होती आणि तिच्या दोन नकला. एक म्हातारे कारकून त्या सांभाळत; ते नवी नोंद फक्त मूळ वहीत करत आणि पाहायला आलेल्यांपुढे नक्कल ठेवत. "लिहाचं एकाच जागी, वाचाचं कुठंबी," म्हणत ते दर शनिवारी नकला जुळवत.

एका बुधवारी धनज गावची एक विधवा आली. सोमवारीच तिचं नाव शेतावर चढलं होतं. तिच्यासोबत आलेला दीर पुढ्यातल्या नकलेवर बोट ठेवून म्हणाला, "पाय, तुयं नाव कुठी हाय?"

कारकुनांनी कपाट उघडून मूळ वही तिच्यापुढे ठेवली. "नक्कल मांगं राह्यली, भाऊ. बाईचा हक्क नाई मांगं राह्यला."

मग जेवायला न जाता त्यांनी दोन्ही नकलांत तिचं नाव लिहिलं. मला हळूच म्हणाले, "नोंद सोमवारची, अन् म्या पुढं जुनी नक्कल ठेवली. गलती मायीच होती."