शिळं रबर

बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या सातपाटीच्या त्या कोळणीचं नाव मला अजून माहीत नाही. तिच्या बर्फाच्या पेटीचं झाकण घट्ट बसत नव्हतं, म्हणून तारापूरच्या आमच्या कारखान्यातून मी तिला कृत्रिम रबराची पट्टी करून दिली. दुसऱ्याच दुपारी बर्फाचं पाणी झालं आणि मासळी मऊ पडू लागली. गिऱ्हाईक पापलेट दाबून ताजं की शिळं बघतं, तशी तिने माझ्यासमोर ती पट्टी अंगठ्याने दाबली. खड्डा तसाच राहिला.

"भाऊ, तुजा रबर शिळा हाय!" शेजारच्या कोळणी खिदळल्या.

"शिळं नाही मावशी, कच्चं. साच्यात कमी शिजलं, म्हणून दबलं ते वर येत नाही. त्यात खडूच्या भुकटीची भरही जास्त पडली."

"म्हंजे शिजवाया येत नाय, नि पीठ पण जास्ती! घरी बायको चुलीपाशी येऊ देते का?"

मी मान खाली घालून नवी पट्टी कबूल केली. तिने पुढे केलेलं पापलेट दाबून बघायचा धीर मला झाला नाही; तसंच विकत घेतलं.

घरी बायकोने त्यावर अंगठा टेकवला. खड्डा तसाच राहिला.

"कुणी फसवलं हो तुम्हाला?"

"मीच," मी म्हणालो.