आवाज बसेपर्यंत

माझ्या भावाला गडचांदुरात सगळे आवाजवाला म्हणतात. लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो की निवडणुकीची सभा, माइक आणि स्पीकरच्या पेट्या त्याच्याच लागतात. हा माणूस एकेकाळी गिटार वाजवायचा, आणि अशी वाजवायचा की शेजारच्या बाया चूल सोडून आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, असं मी कोणाला सांगितलं तर लोक हसतात. म्हणतात, बाई, बहिणीची माया आहे तुमची. माया आहेच, पण मी खोटं बोलत नाही. त्याचा हात ऐकलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, आणि त्यानं वाजवणं कशानं सोडलं हे तर मला एकटीलाच माहीत आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बाबा चुनखडीच्या खदानीत होते, भाऊ नुकताच सिमेंट फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता, आणि मी दहावीत गणितावर आपटून घरी बसले होते. पुढे दहावी काढून मी शाळेत मास्तरीण झाले म्हणून भाषा जरा सरळ झाली. राग आला की अजूनही मूळची बोलीच तोंडात येते, आणि राग मला लवकर येतो.

फॅक्टरीच्या कॉलनीत एक बंगाली बाबू राहायचे. ते हवाईयन गिटार वाजवत. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या आणि डाव्या हातानं स्टीलचा गुळगुळीत रॉड तारांवरून सरकवायचा. बोटानं दाबायचं काही नसतं, त्यामुळे रॉड केसभर मागं-पुढं झाला की सूर गेलाच. सगळा हिशेब कानाचा. बाबूंनी भावाला शिकवलं आणि बदली झाली तेव्हा स्वतःची जुनी गिटार त्यालाच देऊन गेले. भावानं मग मला शिकवलं. त्या वर्षी एप्रिलच्या जयंतीला त्यानं वस्तीत वाजवलं तेव्हा ना पेटी होती ना माइक, नुसता सतरंजीवर बसून वाजवत होता. माझा बाप कधी डोळे पुसणारा माणूस नव्हता. त्या दिवशी त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि सिमेंटची धूळ गेली म्हणाला.

मग कधीतरी चंद्रपूरला एक मोठी कव्वाली पार्टी आली. भाऊ ऐकून आला तो वेगळाच होऊन आला. त्यांच्या गिटारवाल्याकडे इको होता, म्हणजे एक सूर वाजवला की मागून तोच सूर पुन्हा, मग पुन्हा, विरत जाणारा. विहिरीत हाक मारावी तसा. भाऊ जेवताना घास हातात धरून मला समजावत होता, “बाई, आपली गिटार म्हणजे डबडं आहे डबडं. आवाजच नाई तिले. आधी आवाज बसला पाहिजे, मंग वाजवून काही मतलब आहे.”

माय वाढता वाढता म्हणाली, “आवाज बसला तर गाणारे गरम पाणी पितेत बाप्पा. तुले बसवाचा काऊन आहे?”

आम्ही हसलो. भाऊही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार आणून त्यानं लोहचुंबकावर गुंडाळली आणि तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारा पिकअप केला. तो भुणभुण करायचा म्हणून दुसरा केला, मग तिसरा. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजवाल्याकडून वाल्वचा जुना अँप्लिफायर आणला. त्याला पेटी पाहिजे म्हणून पोंभुर्ण्याला जाऊन सागाच्या फळ्या आणल्या. मग म्हणे साग घुमतो, प्लायवूड पाहिजे. मोडक्या टेपरेकॉर्डरातून एक कामचलाऊ इकोही जुळवला. ड्यूटीवरून आला की हात धुवायचा आणि पेचकस घेऊन बसायचा. डाळीचं पातेलं सांडशीनं धरून माय उभी, आणि हा पेटीच्या आत मुंडकं घालून. माय त्या पेटीला सून म्हणायची. “पाह्य, तुही बायको गरम झाली, वास येऊन राह्यला,” असं ती स्वैपाकघरातून ओरडायची, आणि खरंच वास येत असायचा.

खरं सांगते, आवाज सुंदर आला होता. ते मी नाकारणार नाही. त्यानं एक तार छेडली की खोलीभर मधासारखं काहीतरी पसरायचं. लोक ऐकायला यायचे. तो तीन-चार सूर वाजवायचा, थांबायचा, बटण फिरवायचा, पुन्हा तेच तीन-चार सूर. लोक म्हणायचे, वा, काय आवाज आहे. गाणं मात्र कोणी मागायचं नाही आणि तोही वाजवायचा नाही.

तो ड्यूटीवर गेला की गिटार मोकळी असायची. पेटी सुरू करायची मला भीती वाटे, शॉक मारायची ती. म्हणून मी तशीच कोरडी वाजवायची. भांडी झाली, अंगण झालं की मी भिंतीला टेकून बसे. दहावीचा अभ्यास कर म्हणून मायनं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. कोरडी गिटार फार निर्दय असते. चुकलेला सूर तोंडावर फेकते. मला दुसरं काही येत नव्हतं, शिकायला कुठे जाता येत नव्हतं, म्हणून मी तोच सूर धरून बसायची. रियाज वगैरे मोठं नाव मी त्याला कधी दिलं नाही. वेळ होता आणि हट्ट होता, एवढंच.

त्यातून माझा कान तयार झाला, आणि एका रविवारी तो वाजवत असताना माझ्या लक्षात आलं की भावाचा रॉड सुराच्या अलीकडेच थांबतो. लगेच तो हात हलवून सूर थरथरवायचा, वरून इकोची सावली पडायची, आणि सगळं झाकून जायचं. ऐकणाऱ्याला वाटे किती गोड. मी मात्र त्याच्या हाताकडे पाहत राहिले. हाच तो हात, ज्यानं मला सूर कुठे असतो ते दाखवलं होतं.

मी बोलले त्याला. “भाऊ, रॉड मागं राहून राह्यला तुहा.”

तो म्हणाला, “तार ढिली आहे. नागपूरवरून नवा सेट आणतो, मंग पाह्य.”

नवा सेट आला. रॉड तिथंच राहिला.

पुढं नागपूरला रेडिओच्या ऑडिशनचं ठरलं. कलाकार म्हणून पास झाला तर रेडिओवर गिटार वाजणार, बंगाली बाबूंनी लावलेलं झाड असं फळणार, म्हणून घरभर आनंद. आम्हाला त्यापलीकडे काही नको होतं. बाबांनी नवीन सदरा शिवायला टाकला. रियाजासाठी भावानं फॅक्टरीतून आठवड्याची सुट्टी घेतली, आणि सुट्टीच्या पहिल्याच सकाळी पिशवी भरून दारात उभा.

“कुठी चालला?”

“सिरोंच्याले. एका तेलगू नाटक कंपनीचा इको विकाले आहे. असली मशीन आहे, बाई.”

“आन् रियाज?”

“एकदा आवाज बसू दे न. मंग रियाजच रियाज.”

आलापल्लीच्या जंगलातून सिरोंच्यापर्यंत एसटी कशी जायची ते त्या भागातल्या माणसालाच विचारा. तो परत आला तेव्हा केसांपासून चपलेपर्यंत धुळीनं लाल झाला होता, आणि मांडीवर ती मशीन लेकरासारखी धरली होती. सुट्टीचे उरलेले दिवस तिची टेप बदलण्यात आणि मोटर दुरुस्त करण्यात गेले. मी चिडून दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

नागपूरला मी सोबत गेले, सामान उचलायला. पेटी त्याच्याकडे, गिटार माझ्याकडे. तिथल्या साहेबांनी आमच्याकडे पाहिलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, मशीन बाहेर ठेवा, नुसती गिटार आणा, आमचा माइक आहे. भाऊ म्हणाला, साहेब, हिचा खरा आवाज पेटीशिवाय येत नाही. साहेब म्हणाले, जो येईल तो ऐकू. मी व्हरांड्यात पेटीजवळ बसले. दार लोटेपर्यंत भाऊ पेटीकडेच पाहत होता.

आतलं बाहेर थोडं ऐकू येत होतं. पहिलाच सूर खाली लागला. त्यानं हात थरथरवला, पण झाकायला मागं काहीच नव्हतं. कोरडी गिटार, आणि तिच्यावर माझ्या भावाचा सवय मोडलेला हात. दुसऱ्या ओळीवर तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडला. मी साडीचा पदर तोंडात कोंबून बसले होते. त्याच्या आधी वाजवून गेलेला एक मुलगा माझ्याकडे पाहत होता, त्याला मी असं काही खेकसले की तो उठून गेला.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं होतं तो रडेल, निदान गप्प बसेल. वरोरा गेलं आणि तो बोलायला लागला. “त्यायच्या माइकमध्ये दमच नाई. आपण आता असा पिकअप करू का बिनपेटीचीही गिटार घुमली पाहिजे.” चंद्रपूर येईपर्यंत त्यानं सगळा पिकअप हवेत बोटानं काढून मला समजावला. मी खिडकीतून बाहेर पाहत होते आणि आतून पेटत होते. म्हणजे आता आणखी दोन वर्षं हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा तार गुंडाळायला बसला आणि माझा तोल गेला. मी गिटार ओढून घेतली, मांडीवर ठेवली, त्याच्या समोर बसले. म्हटलं, “माइक नाई, पेटी नाई, काई नाई. ऐक.” आणि नागपूरला तो जिथं अडला होता तेच गाणं मी वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रागानं वाजवलं. त्याला दाखवायचंच होतं मला. तशी मी आधी कधी वाजवली नव्हती आणि नंतरही कधी जमली नाही. माय परडी हातात घेऊन उंबऱ्यावर थबकली होती.

भावानं पूर्ण ऐकलं. मग विचारलं, “कधीपासून वाजवून राह्यली अशी?”

मी म्हटलं, “तू ड्यूटीवर जाते तवापासून.”

त्यानं मान हलवली, तारेचं बंडल उचलून ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाला, “चांगलं आहे.” मला वाटलं, झालं माझं काम. उद्यापासून हा माझ्या शेजारी वाजवायला बसेल. मी इतकी खूश होते की संध्याकाळी त्याच्यासाठी मुद्दाम पुरणपोळी केली, सण नसताना.

तो बसला नाही. गिटार माझी झाली. जयंतीला मी वाजवायची आणि तो पेटीजवळ बसून माझा आवाज सांभाळायचा. त्याच्या हातच्या आवाजात माझं नाव झालं, आणि हळूहळू तो तेवढंच करू लागला. मी किती वेळा म्हटलं, भाऊ, आज तू वाजव, मी बटणं पाहते. तो म्हणायचा, पुढच्या वेळेस.

माझं लग्न ठरलं त्या आठवड्यात मी हट्टालाच पेटले. म्हटलं, आता मी चालले, आता तरी खरं सांग. त्या दिवशी मी तसं वाजवलं नसतं तर तू सोडली असती का?

तो माझ्या सासरी द्यायच्या टेबलफॅनचा प्लग बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.

“तू एखादा सूर चुकली असती न बाई,” तो म्हणाला, “तर मी तुह्या हातातून रॉड घेतला असता. असं नाई, असं, म्हणून वाजवून दाखवलं असतं.”