स्टोअरबाई तळघरात उतरतात

बस डेपोच्या सुट्या भागांच्या कोठारात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना घरीदारी सगळे स्टोअरबाईच म्हणत. कुठला नट कुठल्या फळीवर आहे, हे त्या डोळे मिटून सांगत. निवृत्त झाल्यावर आठवडाभरात त्यांनी घरातली कपाटं, डबे, अगदी चपलांची मांडणीसुद्धा आवरून टाकली. आता पुढं काय? हात नुसते शिवशिवत होते.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. "आत्या, मला शिवणाचा क्लास काढायचाय. आठ जणी तयार आहेत. जागा म्हणाल तर आपलं तळघर. पण बाबा कशाला हात लावू देत नाहीत!"

"दादाला सांग, मी निघाले!" बाई म्हणाल्या, आणि खरंच निघाल्या.

तळघराचं दार उघडलं तशी छत्र्यांच्या सांगाड्यांची मोळी अंगावर आली. मागे तीन पायांच्या खुर्च्या, झाकणांविना डबे, डब्यांविना झाकणं, आणि सगळ्यांवर बोटभर धूळ. एकच बल्ब, तोही मिणमिणता. दुसऱ्या कुणाचं अवसान गळालं असतं. बाईंचे डोळे लकाकले. "वहिनी, अगं, हे तर आमच्या डेपोला भारी पडेल!"

त्यांनी अंगणात खडूनं तीन चौकोन आखले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. वहिनी आणि भाची सामान वर आणू लागल्या. दादा दारात ठाण मांडून बसला. प्रत्येक वस्तूला त्याचं एकच पालुपद, "असू दे, लागेल कधीतरी."

"शेवटची कधी लागली होती?" बाई विचारायच्या. दादा डोकं खाजवायचा. वहिनीला हसू आवरेना.

दुपारी एक अवजड कपाट तेवढं उरलं. चौघांनी मिळून ते सरकवलं, तर मागे प्लायवूडची फळी ठोकलेली. बाईंनी तिच्यावर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"दादा, हिच्यामागे काय आहे?"

दादानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! रस्त्यावरचं पाणी आत यायचं म्हणून मीच ठोकली होती. पोरीच्या जन्माच्या आधी! नंतर गटार झालं, पाणी थांबलं आणि मी साफ विसरलो. पक्कड आणा, पक्कड!"

सकाळपासून पहारा देणारा माणूस आता स्टुलावर चढून एकेक खिळा उपटत होता. फळी निघाली आणि उन्हाचा झोत थेट जमिनीवर पडला. खिडकी! हातभर उंच, पण कपाटाएवढी लांब, रस्त्याच्या बरोबरीनं. बाहेर नुसते पायच पाय. बूट, सँडल, सायकलचं चाक. मग एक कुत्रं वाकून आत बघून गेलं.

भाचीनं आत्याला कडकडून मिठी मारली. "आठ नाही, बारा मशिनी बसतील!"

"दहा," आत्यानं पावलांनी जमीन मोजत सांगितलं. "कापायचं टेबल काय डोक्यावर ठेवणार?"

महिन्याभरात क्लास सुरू झाला. खिडकीतून मशिनींचा खडखडाट रस्त्यावर जाऊ लागला, तशी जाणारी-येणारी माणसं वाकून डोकावू लागली. समोरच्या घड्याळजीनं तर एकदा खिडकीतूनच आत बसलेल्या स्टोअरबाईंना विचारलं, "बाई, आमचा माळा कधी बघता?"

"शिडी आहे का?" बाई तोवर उठल्यासुद्धा होत्या.