आधी ठिपका, मग वाट

पप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात माझ्याकडे हिऱ्याचा अर्ज आला.

मी पेटंटचे अर्ज तपासते. कुणीतरी काहीतरी नवं शोधलेलं असतं, निदान तसं त्याचं म्हणणं असतं. ते खरंच नवं आहे का, जगात कुणी आधी करून ठेवलंय का, जाणकार माणसाला ते सहज सुचलं असतं का, हे शोधणं माझं काम. मी रिपोर्ट लिहिते, शेवटचा निर्णय वरचे साहेब देतात. माझ्या वाट्याला प्रकाशाशी संबंधित अर्ज येतात, लेन्स, लेझर, असलं सगळं. लोकांना वाटतं मी रोज काहीतरी अद्भुत बघते. खरं तर मी दिवसभर वाचते, आणि जे वाचते ते बहुतेक वेळा कधीच बघत नाही.

आई गेल्यावर पप्पा विठ्ठलवाडीची खोली माझ्या भावाकडे सोडून माझ्याकडे ठाकुर्लीला आलेले. घरात आम्ही दोघंच. जन्मभर त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही, आणि आता डॉक्टरांनी नेमकं वाचणंच बंद केलेलं. काळा गॉगल, ठरलेल्या वेळी थेंब, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. मी रजा टाकली. दुपारी पडदे ओढून घेतले की खोलीत मधासारखा उजेड पसरायचा आणि पप्पा आरामखुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. पंख्याचा आवाज, लांबून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, बाकी काही नाही.

पेपर वाचून दाखवून झाला की ते म्हणायचे, "अजून काहीतरी वाच."

"आता ऑफिसचंच राहिलंय, पप्पा."

"चालेल. ऑफिसचं वाच."

अर्जाचं वर्णन सरकारी वेबसाइटवर प्रसिद्ध झालेलं होतं, कुणीही वाचू शकलं असतं. गुप्त असतं ते माझं मत, ते मी घरी कधी सांगत नाही. म्हणून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि इंग्रजीतून मराठी करत करत वाचायला लागले.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिशय शिस्तीची वस्ती. एखाद्या ठिकाणी मात्र कार्बनऐवजी नायट्रोजनचा अणू येऊन बसतो आणि त्याच्या शेजारचं घर रिकामं राहतं. शास्त्रात याला दोष म्हणतात. पण त्या दोषावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल प्रकाश देतो, एका वेळी प्रकाशाचा एकच कण. क्वांटम यंत्रं बनवणाऱ्यांना तो एकेकटा कण हवा असतो. अडचण अशी की हिरा प्रकाशाला सहजासहजी बाहेर सोडत नाही. तो आतल्या आत भिंतींवर आपटत फिरत राहतो. म्हणून हिऱ्यातच केसाहून कितीतरी बारीक पट्टी कोरायची आणि तिच्यातून त्या प्रकाशाला हाताला धरून बाहेर आणायचं. या पट्टीला वेव्हगाइड म्हणतात. मी पप्पांना 'प्रकाशाची वाट' म्हणून सांगितलं.

"दोषातून उजेड," पप्पा म्हणाले. गॉगलमुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. "पुढे?"

रोज दुपारी थोडं थोडं वाचायचं असं ठरून गेलं. कधी वाचता वाचता त्यांना झोप लागायची, कधी मला. एकदा मला स्वप्न पडलं की मी एका पारदर्शक जिन्यावरून चालतेय. पावलांचा आवाज होत नाही आणि माझ्या पुढे एक लाल ठिपका चाललाय. मी थांबले की तोही थांबतो. जागी झाले तेव्हा पप्पा खिडकीशी उभे होते. पडदा थोडासा सरकवलेला, गॉगल हातात.

"पप्पा, गॉगल."

"इकडे ये जरा," ते म्हणाले. एक डोळा हातानं झाकून बाहेर बघत होते, मग दुसरा झाकून. कोपऱ्यावरच्या विहारावर निळा झेंडा असतो, त्याच्याकडे त्यांचं लक्ष होतं. "डाव्यानं बघितलं की चहा सांडल्यासारखं दिसतं. उजव्यानं बघितलं की..." त्यांनी पडदा अजून थोडा सरकवला. "हा इतका निळा होता?"

"इतकाच आहे."

"मला वाटायचं उन्हानं उडालाय. मी मनात म्हणायचो, ही पोरं नवीन का लावत नाहीत." थोडा वेळ ते तसेच बघत राहिले. मग आपणहून गॉगल घातला आणि खुर्चीत येऊन बसले. त्या दुपारी आम्ही काही वाचलं नाही.

वर्णन संपल्यावर मागण्या आल्या. अर्जाच्या शेवटी अर्जदार सांगतो की यातलं एवढं माझं, दुसऱ्या कुणी करायचं नाही. प्रत्येक मागणी एकाच वाक्यात लिहायची असते.

"कितीही मोठी असली तरी?" पप्पांनी विचारलं. मराठीचे शिक्षक असल्यामुळे त्यांना यात मजा वाटली.

"कितीही मोठी असली तरी. पूर्णविराम शेवटी एकच."

मी पहिली मागणी वाचायला घेतली आणि मध्येच अडकले. इंग्रजीत सरळ होतं, अशी हिऱ्याची पट्टी की जिच्या मध्यभागी असा एक दोष आहे. मराठीत सांगताना मी नेहमी एका क्रियापदावरून दुसऱ्यावर उडी मारत जाते, कोरून, ठेवून, जोडून. इथे मला कळेना की पट्टी कोरून मग दोष ठेवला, की दोष होता म्हणून पट्टी कोरली.

पप्पा वाट बघत होते. "पुढे?"

"आधी काय झालं ते कळत नाहीये."

"लिहिलं नाहीये?"

"मागणीत नाही. वर्णनातही नीट नाही."

"मग विचार त्यांना," असं म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर मान टेकली.

ऑफिसात परत गेल्यावर मी जुनी कागदपत्रं शोधली. बाहेरच्या देशातला एक जुना लेख सापडला. त्यातही हिऱ्याची पट्टी होती, त्यातही आत दोष होता. त्यांनी आधी पट्टी कोरलेली आणि मग बाहेरून तिच्यात वेगानं नायट्रोजनचे अणू मारलेले, एखादा तरी मधोमध पडेल या आशेनं. पण तयार वस्तू बघितली तर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी रिपोर्टमध्ये आक्षेप घेतला की हे नवं दिसत नाही, आणि खाली स्पष्ट विचारलं की पट्टी आणि दोष यांत आधी काय.

उत्तर यायला बरेच महिने लागतात. मधल्या काळात पप्पांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांनी एकसारखं दिसायला लागल्यावर ते थोडे हिरमुसले. तुलना करायला आता काही उरलं नाही म्हणाले.

थंडीत ठाण्याच्या एका कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन होतं. माझ्या अर्जाशी त्या कॉलेजाचा काही संबंध नव्हता. पत्रकात हिरा आणि लेझर असं वाचलं आणि पप्पांना घेऊन गेले. एका अंधाऱ्या वर्गात टेबलावर तांदळाच्या दाण्याएवढा, कारखान्यात बनवलेला हिरा ठेवलेला. दागिन्यातल्यासारखा नव्हता, गुलाबीसर, मळकट. तिथल्या विद्यार्थिनीनं त्याच्यावर हिरवा लेझर सोडला आणि पप्पांच्या डोळ्यांसमोर नारिंगी काच धरली.

"आजोबा, आता बघा."

पप्पा बघत राहिले. मग काच माझ्याकडे दिली. हिरवा रंग पुसून गेलेला आणि त्या जागी तो दाणा राखेखालच्या निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. हे मी इतकी वर्षं वाचत आलेले. लाल म्हणजे किती लाल, ते मला माहीत नव्हतं.

"हा उजेड त्या रिकाम्या घरातून येतोय?" पप्पांनी हळूच विचारलं.

"खूप रिकाम्या घरांतून. एकच असेल तर आपल्या डोळ्यांना दिसणार नाही."

"म्हणजे तू वाचत होतीस, तो एकटा."

"हो, तो एकटा."

बाहेर आल्यावर आम्ही तलावपाळीला बाकावर बसलो. पाण्यावर ऊन होतं. पप्पा मधूनच डोळे मिटायचे. तो लाल ठिपका अजून दिसतोय का ते बघत असावेत. मीही तेच करत होते.

उत्तर आलं, पण आधी काय ते त्यात नव्हतंच, म्हणून पुढे सुनावणी झाली, व्हिडिओवर. आमच्या बाजूला साहेब आणि मी. समोर अर्जदारांचा वकील आणि जिनं हे काम केलेलं ती संशोधक, साधारण माझ्याच वयाची, केस मागे घट्ट बांधलेले. वकील बराच वेळ बोलला. साहेब हळू आवाजात बोलणारे, कुणाला मध्ये तोडत नाहीत. तो थांबल्यावर त्यांनी माझा रिपोर्ट उघडला आणि थेट तिला विचारलं, "मॅडम, आधी काय? पट्टी, की दोष?"

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलली.

"सुरुवातीला आम्हीही आधी पट्टी कोरायचो. मग अणू मारायचो. तो मधोमध पडायचा नाही, कडेला पडायचा. कडेला पडला की अस्वस्थ होतो, त्याचा रंग थरथरत राहतो. मग आम्ही कोरणं बंद केलं आणि नुसते बघत बसलो. दगडात तो आधीपासून कुठे आहे ते शोधायचं. सापडला की तो शांत आहे का ते बघायचं. मग त्याला धक्का न लावता त्याच्या भोवतीनं पट्टी कोरायची. आम्ही वाट त्याच्याकडे नेतो, सर. त्याला वाटेवर आणत नाही."

साहेब म्हणाले, "वर्णनात हे ओझरतं आलंय. मागणीत कुठे आहे?"

वकील पानं चाळायला लागला. ती मात्र हसली, जरा ओशाळून. "नाहीये. मागणीत लिहावं लागेल असं वाटलंच नाही. आमच्या लॅबमध्ये ते सगळ्यांनाच माहीत आहे."

मी मान खाली घालून नोंद करत होते. मला खूप आनंद झालेला. सुनावणीत तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून लिहीतच राहिले.

त्यांनी मागण्या बदलून पाठवल्या. हिऱ्यातली कुठलीही पट्टी आणि तिच्यातला कुठलाही दोष आपला, ही मोठी मागणी त्यांनी सोडली. आधी शोधायचं, पारखायचं आणि मग भोवतीनं कोरायचं, ही पद्धत तेवढी ठेवली. जुन्या लेखात ती नव्हती, दुसरीकडे शोधूनही मला मिळाली नाही. मी तसं लिहिलं आणि साहेबांनी पेटंट मंजूर केलं.

निर्णय प्रसिद्ध झाला त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. आम्ही खाडीच्या बाजूला फिरायला गेलेलो. भरती होती, पाणी जवळजवळ हलत नव्हतं.

"मिळालं तिला?"

"मिळालं. मागितलेलं त्यापेक्षा कमी."

पप्पांनी थोडा विचार केला. "नाराज झाली असेल?"

"माहीत नाही, पप्पा. आम्हाला ते कळत नाही. फाइल बंद होते."

"हं," ते म्हणाले. एक बगळा काठच्या चिखलात उभा होता, त्याच्याकडे बघायला ते थांबले, म्हणून मीही थांबले.

आता त्यांना नवा चष्मा आहे. सकाळी माझ्याआधी पेपर त्यांच्या हातात असतो आणि दुपारी ते आपलं आपण वाचतात. मध्ये एकदा रविवारी मी विचारलं, काही वाचून दाखवू का. तर म्हणाले, "नको गं, तुझं तू वाच," आणि पान उलटलं. मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेले. नवीन अर्ज होता, काचेच्या तंतूवर चढवायच्या कसल्याशा लेपाचा. दार लोटून घेतलं आणि पहिली मागणी हळू आवाजात मराठीत वाचायला सुरुवात केली.