स्टोअरकीपरचं खातं

साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि पुढच्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. उभा ऊस वाळला, गाळप बंद राहिलं. चिमणीतून धूर नाही, यार्डात बैलगाड्या नाहीत. अशा त्या भकास आवारात गार खोली एकच, माझी. मशीनला धूळ चालत नाही म्हणून खिडक्या कायमच्या बंद करून टाकलेल्या. चपला बाहेर काढून सकाळी आत शिरले, की संध्याकाळी कारखान्याची जीप कळंबला निघेपर्यंत मी आतच. आमच्या बौद्धवाड्यातून औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी पहिली मुलगी. वडील गवंडी. दुष्काळात बांधकामं थांबलेली, त्यामुळे घर माझ्या पगारावर चालायचं. नोकरी आवडते का, असं कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

त्याच वर्षी निवडणुकीत संचालक मंडळ बदललं. नव्या कार्यकारी संचालकांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, मशीनवर सगळ्यांची खाती आहेत ना? कोण वापरतं, कुणाचं नुसतंच पडून आहे, ते शोधून सांगा. जो वापरत नाही त्याला ऑफिसात टेबल कशाला?"

माणसं कमी करायची होती आणि बोट मशीननं दाखवायचं होतं. म्हणजे मी.

काम वाटलं तेवढं सरळ नव्हतं. आपलं नाव आणि पासवर्ड टाकून कुणी आत आलं, की मशीन त्याची नोंद ठेवायचं. पण लेबर ऑफिसरचं खातं रात्रंदिवस चालूच दिसायचं, कारण ते त्यातून बाहेर पडायचेच नाहीत, नुसता स्क्रीन बंद करून घरी जायचे. आजारपणाच्या रजेवर असलेला माणूस मशीनला सोडून गेल्यासारखाच दिसायचा. म्हणून मी विभागाविभागात जाऊन विचारू लागले. मी दारात दिसले, की बोलणं थांबायचं. बातमी फुटली तशी माणसं उगाचच दिवसभर आपापल्या खात्यात आत-बाहेर करू लागली. ऊस विभागातला एक कारकून तर दर थोड्या वेळानं नाव टाकायचा आणि फोन करून विचारायचा, "म्याडम, दिसलो का?" शेवटी मी त्याआधीच्या महिन्यांच्याच नोंदी धरल्या.

त्यातच स्टोअरकीपरचं खातं निघालं. तो माणूस उन्हाळ्यात नळदुर्गजवळ ट्रकच्या अपघातात गेला होता. खातं बंद करा असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ते रोज उघडलं जात होतं, स्टोअरमधल्याच स्क्रीनवरून.

मी तिकडं गेले. ग्रीसच्या वासात, बेअरिंगच्या खोक्यांमागं, जुने हिशेबनीस काका बसले होते. आधीच्या मंडळाच्या मर्जीतला माणूस म्हणून नव्यांनी त्यांचं काम काढून घेतलं होतं, खातं बंद करायला लावलं होतं आणि खुर्ची स्टोअरच्या कोपऱ्यात टाकली होती.

मला बघून ते दचकले नाहीत.

"ये पोरी. तू येशील म्हणून वाटलंच हुतं."

"काका, हे खातं तर..."

"त्याचंच हाय. हे मशीन आमी दोघं एका बाकावर बसून शिकलो. त्याचा पासवर्ड मला ठावं, माझा त्याला." त्यांनी खोक्यांकडं हात केला. "राजीनामा द्यावा म्हणून बसवलंय मला इथं. काम न्हाय, कुणी बोलत न्हाय. लई दिस भिंतीकडं बघत बसलो. मग म्हनलं, त्याचं अर्धं राहिलेलं तरी पुरं करावं."

स्क्रीनवर पट्टे, नट, व्हॉल्व्ह यांची मोजदाद होती. स्वच्छ, बिनचूक.

"सोडून का देत नाही, काका?"

"आन् जाऊ कुठं? रानात नुसती ढेकळं. पोरीचं लगीन जमलंय, ते बी बापाची नोकरी बघूनच."

सांगितलं तर दुसऱ्याच्या नावानं काम केल्याबद्दल त्यांना काढणार, लपवलं तर मला. घरी गेल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते कामाविना पडलेली थापी पुसत होते. मग म्हणाले, "खोटं बोलू नको. पण त्यानं काय केलं ते सांगशील, तर का केलं ते बी सांग."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना तसंच सांगितलं आणि म्हणाले, "स्टोअरचं काम त्यांच्यामुळंच पुरं होतंय. त्यांना त्यांचं खातं परत द्यावं."

"काम द्यायचं नाही, हेच तर ठरलंय," साहेब बोलून गेले. मग आवाज चढवून म्हणाले, "ते खातं आजच बंद करा. आणि तुमचीही नेमणूक अजून कायम नाही, हे ध्यानात ठेवा."

काकांची चौकशी मात्र लावली नाही. काम द्यायचं नाही हे ठरल्याचं माझ्यासमोरच बोलून गेले होते, म्हणून असेल.

मी आधी स्टोअरमध्ये जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी हातातली ओळ पुरी केली, खात्यातून बाहेर पडले आणि खुर्ची मागं ढकलली. "कर बंद. तुझ्यावर राग न्हाय." खोलीत परतून मी एक ओळ टाइप केली. बोटं जराही अडखळली नाहीत, याचीच मला भीती वाटली.

काका नंतरही रोज येत राहिले, कोपऱ्यात बसत राहिले. मुलीचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला. कळंबच्या एका आडतीवर ते हिशेब लिहिण्याच्या कामाला लागले.

पाऊस झाला, ऊस आला, चिमणी पेटली. मला सोलापुरात जागा मिळत होती. मीही राजीनामा लिहून नेला. साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही. "मशीन चालवणारं दुसरं माणूस कुठाय? ते मिळेपर्यंत थांबा." माझी नेमणूक त्यांनी त्याच आठवड्यात कायम केली. घरी आईनं पेढे वाटले. मी सोलापूरला नकार कळवला.